कात्रीखालचं खोरं

अभिलेखागाराच्या वाचनकक्षात बोलायला बंदी होती, आणि या घरात खालच्या आवाजात बोलणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

थोरल्याने दारावरची पाटी नीट वाचली. पेन आत आणू नये, पेन्सिल चालेल. पाण्याची बाटली बाहेर ठेवावी. कागद हाताळण्याआधी हात धुवावेत. त्याला जरा बरं वाटलं. सगळी नोकरी पूल बांधण्यात गेल्यामुळे नियम लिहून ठेवलेले दिसले की त्याचा जीव भांड्यात पडे. शिवाय बोलायला बंदी म्हणजे बहिणीशी बोलायचा प्रश्नच नाही, हा वरचा फायदा.

ताईशी तो दोनेक वर्षं बोलत नव्हता. बाबा गेल्यावर तो परमुलखात एका पुलाच्या कामावर असताना तिने बाबांची खोली रिकामी केली होती. भूगोलाचे प्राध्यापक म्हणून बाबांनी जन्मभर साठवलेले कागद, आणि त्यांच्याच जोडीला आईचे कागद, खोकी भरभरून विद्यापीठाच्या अभिलेखागाराला देऊन टाकले होते. आईने हो म्हटलं, टिल्लूने टेम्पो आणला, आणि थोरल्याला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं हे ताईचं म्हणणं. तो सुट्टीवर आला, सवयीने बाबांच्या खोलीत शिरला, तर आत एक रंगारी भिंत घासत उभा. त्याने थोरल्यालाच विचारलं, आपण कोण.

तेव्हापासून बहिणीला जे सांगायचं ते तो बायकोमार्फत सांगे. बायकोला सगळं घर वहिनी म्हणे. इतके निरोप पोचवून झाल्यावर आता तोही कधीकधी चुकून वहिनी म्हणायचा.

त्या कागदांत काहीतरी सापडलंय म्हणून अभिलेखपालांनी घरच्यांना बोलावलं होतं. आल्याआल्या त्यांनी सगळ्यांना हात धुवायला पाठवलं. जेवायला बसण्याआधी आई पाठवायची तशी तिघं भावंडं बेसिनपाशी उभी राहिली. टिल्लू सगळ्यांत धाकटा, नावाने टिल्लू आणि उंचीने दाराच्या चौकटीला टेकणारा. शाळांमध्ये जाऊन वर्गांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. त्याने मधे उभं राहून दोघांना एकच साबण दिला. समेटाचे त्याचे प्रयत्न साधारण या उंचीचे असत.

आत लांब टेबलावर डाव्या हाताला बाबांची खोकी होती आणि उजव्या हाताला आईची. बाबांच्या बाजूला एक गंजलेला बिस्किटांचा डबा ठेवला होता. अभिलेखपालांनी झाकण उघडलं. आत कागदाची कतरणं होती, कात्रीतून गळून पडतात तशी, बोटाएवढी, नखाएवढी, काही तळहाताएवढी. त्यांनी सांगितलं की हा डबा कचऱ्यातच जायचा. त्यांच्या हातून निसटून सांडला म्हणून वाचला. गोळा करताना त्यांना कतरणांवर तपकिरी रेघा दिसल्या.

मग ते उजवीकडे गेले. आईच्या खोक्यांत शिवणवर्गाचं सामान होतं. फ्रॉक, शर्ट, झगे, लहान मुलांचे सदरे, सगळ्यांचं पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, एकेक संच दोऱ्यात ओवून ठेवलेला. वरच्या अंगाला निळ्या खडूने लिहिलेलं: पाठ, पुढचा भाग, बाही, गळा. अभिलेखपालांनी एक बाही अलगद उलटी केली. मागे त्याच तपकिरी रेघा.

"हा सरांचा खोऱ्याचा नकाशा आहे," ते म्हणाले. "जो कधी छापलाच गेला नाही, तो."

त्यांचा आवाज इतका हलका होता की टिल्लूला वाकावं लागलं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या खोऱ्याचा पायी फिरून केलेला दुसरा नकाशा कुठेच नव्हता. डब्यातली कतरणं आणि हे तुकडे मिळून बराचसा नकाशा जुळेल असं त्यांना वाटत होतं. पुढच्या महिन्यात सरांच्या कामाचं प्रदर्शन होतं. शेजारच्या दालनात फरशीवर पांढरा कागद अंथरून ठेवला होता. फक्त हे संच सोडवायचे तर दोरे कापावे लागणार, आणि त्याला घरच्यांची संमती हवी होती.

"नाही," थोरला म्हणाला. तो वाचनकक्षात बोलला तो हा पहिला शब्द, आणि तो पार दरवाजापर्यंत ऐकू गेला.

बाकी सगळं ठेवा, तो म्हणाला, पण हा डबा आणि हे संच परत द्या. कारण काय, ते त्याने सांगितलं नाही. कारण त्याने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तो दहा वर्षांचा होता. शाळा लवकर सुटली होती, घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत जमिनीवर बाबांचा मोठा नकाशा पसरलेला होता, ज्याच्यासाठी बाबा सुट्ट्यांमागून सुट्ट्या घराबाहेर राहिले होते, ज्याच्यावर कुणी पाय ठेवला तर घर डोक्यावर घेत. त्या नकाशावर आई गुडघे टेकून बसली होती आणि मोठ्या कात्रीने तो कापत होती. कात्रीचा आवाज खोलीभर होता. बाबा खुर्चीत बसले होते, तोंड दोन्ही हातांत, आणि त्यांचे खांदे हलत होते.

तो आल्या पावली परत फिरला होता. अंधार पडेपर्यंत मैदानात बसला होता. पुढे आईवर त्याने माया केली नाही असं नाही. पण तिच्या हातात कात्री दिसली की तो खोलीतून उठून जायचा, आणि आईला वाटायचं, या पोराला शिवणकामाचा कंटाळा आहे.

*

ताईच्या मनात हे काहीच नव्हतं. तिला एवढंच दिसलं की दादा नेहमीप्रमाणे आडवा आला.

ती दातांची डॉक्टर होती. तोंड उघडून बोलू न शकणाऱ्या माणसांशी एकतर्फी बोलायची तिला सवय होती, आणि भावाच्या अबोल्याने तिचं फारसं अडलं नव्हतं. पण आज तिचा धीर सुटला. तिने दबक्या आवाजात विचारायला सुरुवात केली की बाबांचं आयुष्यभराचं काम जगापुढे येत असताना याच्या पोटात का दुखतंय. थोरला तितक्याच दबक्या आवाजात वहिनीला म्हणाला की तिला सांग, हा पोटाचा प्रश्न नाही. वहिनी म्हणाल्या की ताई तुमच्यापासून हातभर अंतरावर आहेत, त्यांना ऐकू गेलंय. कोपऱ्यात कुणीतरी संशोधक जुनी वर्तमानपत्रं चाळत होता. त्याने मान वर केली आणि मग खुर्ची थोडी जवळ सरकवली.

वहिनी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नवरा चुकतोय असं वाटत असूनही चारचौघांत त्या त्याच्या बाजूने उभ्या राहत आणि घरी गेल्यावर हिशेब चुकता करत. आताही त्या म्हणाल्या की ह्यांची इच्छा नसेल तर राहू दे. पण राहू दे म्हणतानाच त्यांना एक शंका आली. त्यांनी अभिलेखपालांना विचारलं की प्रदर्शनात या नकाशाखाली मजकूर काय लिहिणार आहात.

अभिलेखपालांनी कच्चा मजकूर काढून वाचला. भल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "प्राध्यापकांच्या पत्नीने घरगुती वापरासाठी कापून टाकलेला नकाशा. उपलब्ध तुकड्यांवरून पुन्हा जुळवला."

 मग ताईने आपली पर्स जवळ ओढली.

"घरगुती वापर," ती म्हणाली. "माझ्या आईने धरणग्रस्तांच्या निम्म्या वसाहतीला शिवण शिकवलंय. आणि तुम्ही असं लिहिणार, की बायकोने नवऱ्याचा नकाशा फाडला."

तिने जाहीर केलं की डबा आणि संच परत हवेत. दादाचं बरोबर आहे.

थोरला गडबडला. भांडणाची त्याने तयारी केली होती, पाठिंब्याची नव्हती. त्याने वहिनीकडे पाहिलं, तर वहिनी आता उलट बाजूला सरकल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मजकूर बदलता येतो, त्यासाठी नकाशा का लपवायचा. टिल्लूने कॅमेऱ्याची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि विचारलं की मग फोटो काढायचे की नाही.

"दादा," ताई अचानक म्हणाली, "तुला हे आधीपासून माहीत होतं. आईने तो कापला, हे."

दोन वर्षांत तिने त्याला थेट विचारलेली ही पहिली गोष्ट होती. थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्याने सांगितलं. मैदानात बसलो होतो, तेही सांगितलं. बोलता बोलता तो इतका हळू बोलू लागला की वर्तमानपत्रवाल्या संशोधकालाही काही कळेना.

बाबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आपल्या भावाने ते पाहिलं आणि एकट्याने पोटात ठेवलं, या विचाराने तिचा राग कुठच्या कुठे गेला. तिने हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरचा एक दोरा काढून टाकला. म्हणजे दोरा नव्हताच.

*

तेवढ्यात बाहेरच्या मार्गिकेतून आवाज आला. काठीचा, चपलांचा, आणि दप्तरखान्यात एवढी थंडी कशाला करून ठेवता असं कुणालातरी विचारणाऱ्या आईचा.

तिला टिल्लू दुपारी आणायला जाणार होता. पण दुपारपर्यंत वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ऐंशी पार केल्यापासून तर तिने वाट बघणं सोडूनच दिलं होतं. ती भाड्याच्या गाडीने आली होती आणि एकटी आली नव्हती. तिच्या मागे तीन म्हाताऱ्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत कागदाची गुंडाळी. अभिलेखागारात काय सापडलं असेल ते तिने बरोबर ओळखलं होतं. दोघी बहिणी होत्या, एकीने वाक्य सुरू केलं की दुसरी पुरं करायची. तिसरी ठेंगणी, चुरचुरीत, तिला शिवणवर्गात काजवाली म्हणत, कारण तिच्यासारखी बटणांची काजं अख्ख्या वर्गात कुणाला जमली नव्हती. त्या वेळी या पोरी होत्या. खोरं बुडाल्यावर त्यांच्या घरच्यांना शहराच्या कडेला नव्या वसाहतीत घरं मिळाली होती, आणि आईने पहिला शिवणवर्ग काढला तो तिथल्या मुलींसाठी.

"बाई, हात धुवायचेत," काजवालीने पाटी वाचून सांगितलं, आणि चौघी बेसिनकडे गेल्या.

परत आल्यावर आईने टेबलाभोवतीचे चेहरे एकदा पाहिले. पोरांचं काहीतरी बिनसलं की तिला ते बिनसल्याच्या आधी कळायचं. तिने खुर्ची ओढली आणि काय झालं ते वहिनीला विचारलं, कारण या घरात सरळ उत्तर तिच्याकडूनच मिळायचं. वहिनीने मजकुराचं सांगितलं. आणि नवऱ्याकडे एकदा बघून दाराआड उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाचंही सांगून टाकलं.

आईने खुर्ची थोरल्याकडे वळवली.

"अरे, तू तेव्हा घरी होतास?"

त्याने मान हलवली.

"मग आत का नाही आलास?"

बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

तेव्हा आईने सांगितलं. खोऱ्यात पाणी सोडलं त्या वर्षी छापखान्याने नकाशा परत पाठवला होता. जी जमीनच आता उरली नाही तिचा नकाशा कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनी तो जमिनीवर पसरला आणि त्याच्याकडे बघत बसले. बसले ते बसलेच. कॉलेजात जाईनात, दाढी करीनात. ज्यांच्या ओसरीवर झोपून खोरं मोजलं होतं ती माणसं उठून वसाहतीत आली होती. त्यांना तोंड कसं दाखवू, म्हणायचे, मी त्यांची घरं कागदावर घेतली आणि घरं गेली. शेवटी एक दिवस म्हणाले, याचं काहीतरी कर, नाहीतर जाळून टाक.

"जाळते कशाला," आई म्हणाली. "इतका जाड, इतका चांगला कागद. माझा वर्ग सुरू व्हायचा होता आणि पेपर कटिंगला माझ्याकडे रद्दी होती. मी कात्री घेतली. मनातून घाबरलेच होते. पहिला फ्रॉक बेतला, पाठ कापली, बाही कापली. आणि बाही उलटून बघते तर ह्यांची नदी नेमकी काखेतून उगम पावतेय. मी ह्यांना म्हटलं, अहो, बघा, तुमची नदी बगलेतून निघाली. तर हे खुर्चीत बसून जे हसायला लागले, तोंड झाकलं तरी थांबेनात."

"खांदे हलत होते," थोरला म्हणाला.

"हसताना हलतात." तिने जरा विचार केला. "रडतही असतील. मी काही हात काढून बघितलं नाही. पण आवाज हसण्याचा होता."

ती पुढे म्हणाली की त्या दिवशी तिने कतरणं झाडायला केरसुणी घेतली, तर हे खुर्चीतून उठले. थांब, ती वरची वाडी आहे, म्हणत एकेक तुकडा उचलून बिस्किटाच्या डब्यात भरत बसले. दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि कॉलेजात गेले. आणि संध्याकाळी येऊन विचारलं, बाहीच्या वरची ही गोलाई तू अंदाजाने का काढतेस. ज्या हाताने डोंगराच्या रेघा ओढल्या होत्या त्याच हाताने मग त्यांनी मुंढ्याची गोलाई काढून दिली. माझ्या शिवणीत मुंढ्याला कधी सुरकुती पडली नाही, आई म्हणाली, ती ह्यांच्यामुळे.

"हे आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?" ताईने विचारलं.

"कुणी विचारलं?" आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला शिवणकामाचा कंटाळा आहे."

कोपऱ्यातल्या संशोधकाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. ते बराच वेळ हलत होतं.

*

दोरे आईनेच कापले. अभिलेखपालांनी त्यासाठी छोटी कात्री आणली तेव्हा ती म्हणाली, हिने काय होतंय, आणि पिशवीतून आपली काढली. ही कात्री आत कशी येऊ दिली, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारायचं मनात आणलं आणि सोडून दिलं.

दालनात सगळे चपला काढून फरशीवर उतरले. पहिला तास नुसता गोंधळात गेला. आईला कटिंग आकारावरून ओळखू येई, पण नकाशाची बाजू वर ठेवायची म्हटल्यावर सगळे तुकडे उलटे होत. ती म्हणे ही डावी बाही, ती इकडे. थोरला म्हणे इकडे कशी, ही समोच्च रेषा या उंचीची आहे आणि ती त्या, दोन्ही कशा मिळतील, इथे कडा आहे का. मग वहिनीने सांगितलं की उलटल्यावर डावी ती उजवी होणार. तिथून काम मार्गी लागलं. आईने आकार सांगायचा, थोरल्याने रेघांची उंची जुळवायची, ताईने डब्यातली कतरणं चिमट्याने उचलून फटींत बसवायची. दातांच्या फटी भरून तिचा हात तयारच होता. ती जमिनीवर पालथी पडून काम करत होती आणि मधूनमधून, दादा, ते देवळामागचं दे, ते टेकडीचं दे, असं म्हणत होती. वहिनींच्या लक्षात आलं की बराच वेळ आपल्याकडे एकही निरोप आलेला नाही. त्या भिंतीशी जाऊन बसल्या आणि पाय लांब केले.

तरी नकाशात भोकं राहत होती, चांगली मोठी. अभिलेखपाल त्यावर बोट फिरवत म्हणाले की हे भाग गेलेच म्हणायचे. तेव्हा तिघी म्हाताऱ्यांनी आपापल्या गुंडाळ्या सोडल्या.

वर्ग पुरा झाला की आई प्रत्येक मुलीला एक संच द्यायची. पण मुली संच निवडून घ्यायच्या, आणि कपडा बघून नव्हे, तर मागची बाजू बघून. दोघी बहिणींनी झग्याची पाठ आणली होती, तिच्यावर त्यांचं नदीकाठचं गाव होतं. या झग्यावर, थोरलीने सांगायला घेतलं, आणि धाकटीने पुरं केलं, आम्ही आमच्या दोघींच्या लेकीसुना शिकवल्या. कागदाच्या कडा चिकटपट्टी लावून लावून जाड झाल्या होत्या. अभिलेखपालांनी चिकटपट्टी पाहिली आणि डोळे मिटले.

काजवालीने सगळ्यात लहान तुकडा आणला होता. शर्टाची कॉलर. तिने ती कुणाच्या हातात दिली नाही. स्वतः गुडघ्यांवर सरकत नदीच्या वळणापाशी गेली आणि रिकाम्या जागेत ठेवली. दोन्ही बाजूंच्या रेघा कॉलरच्या रेघांना येऊन मिळाल्या.

"हे आमचं घर," तिने बोट दाखवलं. "हा उतार. इथून माझा भाऊ टायर सोडायचा, तो थेट नदीत. सर इथे बसून लिहायचे तेव्हा मी त्यांची फूटपट्टी पळवली होती."

सर रागावले असतील, ताई म्हणाली. नाही, काजवाली म्हणाली, ते म्हणाले ठेव, आणि उरलेला उतार पावलांनी मोजला. थोरला खूश होऊन म्हणाला की म्हणूनच तिथली एक रेघ जरा सैल आहे, ती त्याला मघापासून खटकत होती.

दोघी बहिणी आपल्या गावाशी बसल्या. कोणाचं अंगण कुठे होतं यावरून त्यांचं वाजलं, आणि पहिल्यांदाच दोघींनी आपापली वाक्यं स्वतः पुरी केली. आई एका स्टुलावर बसून सगळं बघत होती. नकाशा कापला त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण नवऱ्याला वाचवतोय की त्याच्या कामाचा जीव घेतोय, देव जाणे. पुढे इतकी वर्षं सुखात गेली की तो प्रश्न तिने परत काढलाच नाही. आता तो आपोआप सुटून समोर पडला होता, डोंगरांसकट. हे असते तर आता ह्या रेघांवर बोट ठेवून दोन तास बोलले असते, आणि आपण झोपलो असतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

अभिलेखपाल पेन्सिल घेऊन तिच्याजवळ आले. मजकूर खोडून टाकलाय, म्हणाले, आता तुम्ही सांगाल तसं लिहितो.

"लिहा, नकाशा ह्यांचा," आई म्हणाली. "बेतला दोघांनी. आणि वापरला कुणी, त्यांची नावं खाली लिहा. सगळ्यांची. जागा लागेल, पाटी मोठी करा."

त्यांनी लिहून घेतलं. मग थोडं अडखळत विचारलं की बाबांचे कागद आणि आईचे कागद दोन वेगळ्या दालनांत ठेवायचा नियम आहे, आता हा नकाशा कुठल्या दालनात ठेवायचा. थोरला जमिनीवरूनच म्हणाला की नियम बदला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ताईने तर चिमटा खाली ठेवून पाहिलं.

"असं बघू नका," तो म्हणाला. "उठायला हात द्या कुणीतरी. गुडघा धरलाय."

ताईने हात दिला. तो अर्धा उठला, तीच घसरली, आणि दोघं कडेच्या पांढऱ्या कागदावर बसकण मारून बसले. परत उठायची घाई दोघांपैकी कुणी केली नाही.

टिल्लू शिडीवर चढला होता. दिवसभरात त्याला कुणी मत विचारलं नव्हतं आणि त्याने दिलंही नव्हतं. आता वरून त्याला खोरं पुरं दिसत होतं. नदी खरोखरच एका बाहीच्या काखेतून निघत होती, फ्रॉकच्या पाठीवरून उतरत होती, कॉलरपाशी वळत होती. मधेमधे पांढऱ्या फटी होत्या. कडेने दादाचं टक्कल, ताईचा भांग, वहिनींचे लांब केलेले पाय, आईचा पांढरा अंबाडा. काजवाली वळणाशी मांडी घालून बसली होती.

अभिलेखपालांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. नोंदीसाठी नुसता नकाशा हवा, माणसं नकोत. बंद व्हायची वेळही झाली होती. आईने आवाज दिला की चला बायांनो, उठा आता, घरी जायचंय ना.

"बाई, मी घरीच आहे की," काजवाली म्हणाली, आणि जागची हलली नाही.

तिच्यावर सगळेच हसले. आई तर काठी पडेपर्यंत हसली. ती काठी उचलायला अभिलेखपाल पुढे झाले आणि नकाशाच्या कडेवर आले.

"जरा सरका ना," त्यांनी खालूनच बाकीच्यांना सांगितलं.

"कुणी हलू नका," टिल्लू शिडीवरून म्हणाला. त्याचा आवाज या घरातल्या कुणाहीइतका मोठा निघाला. सगळ्यांनी माना वर केल्या, आणि त्याने बटण दाबलं.